तुम्ही, तू आणि एका चादरीची गोष्ट

एक

आपल्याकडं एक खोड पडलीय. दलित साहित्यावर कुणी बोलायला उभा राहिला की पहिल्या पाच मिनिटांत ब्लॅक साहित्य येतं. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले, त्यांनी मिलिंद महाविद्यालयातल्या पोरांना काळ्या लेखकांची ओळख करून दिली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. हे सगळं खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण वानखड्यांनी ती पुस्तकं वाचली होती. आपण नुसती नावं पाठ करतो. राइट, बाल्डविन, फॅनॉन. तीन नावं, तीन टाळ्या, झालं भाषण.

मीही असली भाषणं ठोकली आहेत, म्हणून हे हक्कानं बोलतो. मग एकदा एका पोरानं सभा संपल्यावर विचारलं, "दादा, बाल्डविनचं काय वाचू?" आणि माझी बोबडी वळली. कारण मी काहीच वाचलेलं नव्हतं.

त्या दिवशी ठरवलं, बाल्डविनचं एक तरी पान नीट वाचल्याशिवाय त्याचं नाव घ्यायचं नाही. माझं इंग्रजी दहावीपुरतं. सूतगिरणीतली रात्रपाळी सुटली की झोपायच्या आधी दोन तास, मांडीवर डिक्शनरी. 'इक्वल इन पॅरिस' हा त्याचा एक निबंध वाचायला मला एकवीस दिवस लागले. वाचून झाल्यावर कळलं, की रंगभेदाचं रडगाणं म्हणून आपण ज्याचं नाव घेतो त्या माणसानं इथं भलतंच काहीतरी लिहून ठेवलंय. परक्या मुलखात रोजची बोली आली नाही तर माणसाचं काय होतं, आणि आली तरी काय होतं, यावर हा निबंध आहे. तो आपल्या कामाचा आहे. कसा, ते सांगायचा हा खटाटोप.

दोन

जेम्स बाल्डविन २ ऑगस्ट १९२४ ला न्यूयॉर्कमध्ये जन्मला, वाढला हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत. सावत्र बाप धर्मोपदेशक, घरात लहान भावंडांची रांग, खायचे वांधे. कॉलेजचं तोंड त्यानं पाहिलं नाही. ११ नोव्हेंबर १९४८ ला तो पॅरिसमध्ये उतरला तेव्हा वय चोवीस, खिशात चाळीस डॉलरच्या जरा वर, आणि फ्रेंच भाषेचा गंध नाही. हे तो स्वतःच सांगतो. वर असंही सांगतो, की फ्रेंच माणसाच्या स्वभावाचाही गंध नव्हता, हे फार लवकर उघड झालं.

फ्रान्सच्या प्रेमात पडून तो गेला नव्हता. अमेरिकेत राहिलो तर कुणाच्या तरी हातून मरू, नाहीतर आपल्या हातून कुणीतरी मरेल, या धास्तीनं तो पळाला होता. त्याच्या आधीही काळी माणसं तिकडं गेली होती. नाचणारी-गाणारी जोसेफीन बेकर १९२५ साली गेली, फ्रेंचमध्ये गायला शिकली, १९३७ साली फ्रान्सची नागरिक झाली. २०२१ साली तर फ्रान्सनं तिला आपल्या थोर माणसांच्या स्मारकात, पँथिऑनमध्ये, जागा दिली. कादंबरीकार रिचर्ड राइट १९४७ साली कायमचा गेला आणि १९६० साली पॅरिसमध्येच वारला. त्यामुळं काळ्या अमेरिकनांत एक समजूत होती : पॅरिसला गेलं की माणसासारखं जगता येतं, फक्त भाषा शिकायची.

आता चादरीची गोष्ट. १९४९ च्या डिसेंबरात बाल्डविन एका भिकार हॉटेलात राहत होता. त्याच्या ओळखीचा एक न्यूयॉर्कचा माणूस आपल्या हॉटेलवर चिडून बाहेर पडला आणि निघताना रागानं तिथली पलंगावरची चादर घेऊन आला. तो बाल्डविनच्याच हॉटेलात येऊन राहिला. बाल्डविनच्या खोलीतल्या चादरी कुणी बदलत नव्हतं, म्हणून त्यानं ती चादर मागून घेतली. १९ डिसेंबरला पोलीस आले, चादर त्याच्या खोलीत सापडली, आणि चोरीचा माल बाळगल्याबद्दल त्याला उचललं. त्यानं विचारलं, हे प्रकरण गंभीर आहे का? पोलीस म्हणाले, नाही. आणि त्यानंतर फोटो, बोटांचे ठसे, बुटाच्या नाड्या काढून घेणं, मग फ्रेन तुरुंग. नाताळ त्यानं तुरुंगात काढला. तिथून एक कैदी सुटून बाहेर चालला होता, त्याच्या हाती निरोप पाठवला, तेव्हा कुठं ओळखीच्या एका अमेरिकन वकिलापर्यंत बातमी पोचली. २७ डिसेंबरला खटला चालला, चादरीची हकिगत ऐकून सगळं कोर्ट हसलं, आणि खटला निकालात निघाला.

बस एवढीच गोष्ट. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. मग यात लिहिण्यासारखं काय होतं?

हे होतं : न्यूयॉर्कचा पोलीस समोर आला की तो आता काय करणार हे बाल्डविनला चेहऱ्यावरून वाचता येत होतं. कुठं मान खाली घालायची, कुठं उलट बोलायचं, हे त्याला लहानपणापासून पाठ. आपल्यालाही पाठ आहे. पाटलाच्या ओसरीपुढं आवाज केवढा लावायचा हे आपल्या बापजाद्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पॅरिसमध्ये ही सगळी विद्या फुकट गेली. इथला पोलीस त्याला काळा म्हणून बघत नव्हता, अमेरिकन म्हणून बघत होता. गोऱ्यांच्या द्वेषाची भाषा त्याला येत होती, फ्रेंच पोलिसाच्या सभ्य बेपर्वाईची येत नव्हती. 'गंभीर नाही' या शब्दांचा अर्थ डिक्शनरीत एक आहे आणि पोलिसाच्या तोंडी दुसराच. पोलिसाच्या लेखी ते प्रकरण खरंच गंभीर नव्हतं. आठ दिवस आत कुणाला बसायचं होतं? बाल्डविनला.

रोजची भाषा म्हणतात ती ही. व्याकरणाचं पुस्तक हिच्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

तीन

मग मी एका मित्राकडून फ्रेंच शिकायचं एक जुनं पुस्तक मिळवलं. फ्रेंच यावं म्हणून नव्हे. बाल्डविन रोज कशाला तोंड देत असेल ते बघावं म्हणून. त्यात काही मजा सापडल्या.

पहिली मजा आकड्यांची. फ्रेंचमध्ये ऐंशीला 'कात्र-वँ' म्हणतात, म्हणजे चार वीस. नव्वद म्हणजे चार वीस दहा. सत्तर म्हणजे साठ-दहा. वाचता वाचता मी ताडकन उठून बसलो. माझी आजी जन्मभर अशीच मोजत आली! तीन विसा, चार विसा, चार विसा नि दहा. शाळेत मी एकदा 'चार विसा' म्हणालो तर मास्तरांनी सगळ्या वर्गाला हसवलं होतं. आता पुण्यामुंबईत फी भरून लोक तेच चार विसा फ्रेंचमध्ये शिकतात. आजीच्या तोंडी अडाणीपणा, पॅरिसच्या तोंडी नजाकत. मोजणी तीच.

दुसरी गोष्ट, पुस्तकातलं फ्रेंच आणि रस्त्यावरचं फ्रेंच वेगळं. पुस्तकात नकाराला दोन शब्द लागतात, 'न' आणि 'पा'. बोलताना लोक पहिला खाऊन टाकतात. 'आम्ही' असा धड शब्द असताना रोजच्या बोलण्यात बहुतेक 'ऑ' या दुसऱ्याच शब्दावर भागवतात. दुकानात शिरताना आधी 'बोंझूर' म्हणायचं, मग मागायचं. अमेरिकन माणूस आत शिरतो आणि थेट वस्तू मागतो, दुकानदारीण तोंड वाकडं करते, आणि हा म्हणतो, फ्रेंच लोक उर्मट! उर्मट कोण, हे दोघांना दोन तऱ्हेनं दिसतं. आज अमेरिकेतून पॅरिसला राहायला जाणारी माणसं मोबाइलवर फ्रेंच शिकून जातात. शब्द येतात, वाक्यं येतात, आणि पाववाल्याच्या दुकानात पहिल्या दिवशी घामाघूम होतात, कारण समोरचा मोबाइलसारखं सावकाश बोलत नाही.

बाल्डविनकडं शिकवणीला पैसे नव्हते. तो कॅफेत शिकला, हॉटेलात शिकला, उधारी मागताना शिकला. एकदा तो चांगलाच आजारी पडला तेव्हा हॉटेलच्या म्हाताऱ्या कॉर्सिकन मालकिणीनं त्याला बरं केलं. कण्हताना पाणी मागायची भाषा माणूस विसरत नाही. पुढं तो इतकं सराईत फ्रेंच बोलायला लागला, की फ्रान्सच्या टीव्हीवर मुलाखती द्यायचा. दक्षिण फ्रान्समध्ये सेंट पॉल द व्हान्स या गावात तो राहिला आणि १ डिसेंबर १९८७ ला तिथंच वारला.

म्हणजे भाषा शिकला आणि घर मिळालं, असं झालं का? इथं तिसरी गोष्ट आडवी येते, आणि तीच आपली आहे.

चार

फ्रेंचमध्ये आपल्यासारखे दोन शब्द आहेत. 'त्यू' म्हणजे तू, 'व्हू' म्हणजे तुम्ही. एखाद्याला अरेतुरे करणं, अहोजाहो करणं, यासाठी त्यांच्याकडं वेगळी क्रियापदं आहेत. इंग्रजीत ही भानगड नाही. सगळ्यांना एकच 'यू'. त्यामुळं फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकनाची इथं पंचाईत होते, कुणाला काय म्हणावं कळत नाही. मराठी माणसाला समजावायला नको. त्यातून आपल्या माणसाला तर मुळीच नको. दहा वर्षांच्या पाटलाच्या पोरानं सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला "ए धोंड्या" म्हणायचं आणि म्हाताऱ्यानं "जी धनी" म्हणायचं, हे व्याकरण आपण पाठीवर घेऊन आलोय.

तू शब्द वाईट नाही. मित्राला आपण तू म्हणतो, आईला तू म्हणतो, गाण्यात भीमालाही तू म्हणतो. दोन्ही बाजूंनी तू असेल तर ती माया. एकाच बाजूनं असेल तर ती जात.

फ्रांझ फॅनॉन हा मार्टिनिक बेटावरचा काळा डॉक्टर. मार्टिनिक फ्रेंचांच्या ताब्यातलं. तिथली शाळा पोरांना क्रिओल ही घरची बोली तुच्छ मानायला शिकवायची. शिकलेली माणसं क्रिओल बोलायची ती नोकरांशी. फ्रान्सला जायचं म्हणून पोरं 'र'चा उच्चार घोकायची, कारण मार्टिनिकचा माणूस 'र' खातो अशी त्यांची टिंगल व्हायची. वाचताना मला आपले 'न' आणि 'ण' आठवले. पानी, लोनी, कोन. एका अक्षरावर आपली जात ओळखणारे कान या महाराष्ट्रात अजून जिवंत आहेत.

१९५२ सालच्या 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स' या पुस्तकात फॅनॉन दवाखान्यातला अनुभव लिहितो. गोरा रोगी आला की डॉक्टर म्हणणार बसा, काय होतंय तुम्हाला. काळा किंवा अरब आला की लगेच बस रे, कुठं दुखतंय तुझं. आणि एवढ्यावर भागत नाही. मोडकंतोडकं, लहान पोराशी बोलावं तसलं फ्रेंच त्याच्याशी बोलायचं. त्या काळ्याला डॉक्टरहून चांगलं फ्रेंच येत असलं तरी! फॅनॉन म्हणतो त्याचा मतलब असा, की हे बोलणं त्याला समजावं म्हणून नसतं, त्याला त्याच्या जागेवर ठेवावं म्हणून असतं.

इथं थांबून आपल्या मराठी नाटक-सिनेमाकडं बघा. पांढरपेशा लेखकाच्या नाटकात गडी आला, मोलकरीण आली, की कुठल्याच गावात कुणी बोलत नाही असली गावठी भाषा सुरू. "व्हय जी, म्या काय म्हंतो" आणि लोकांचा हशा. तो गडी कोल्हापूरचा का चंद्रपूरचा, महार का धनगर, याचा लेखकाला पत्ता नाही. ही मराठीतली डॉक्टरी भाषा. बोलीचं प्रेम म्हणून तिचं कौतुक करणारे समीक्षक आहेत. त्यांनी फॅनॉन वाचावा.

आता पॅरिसमध्ये परत. बाल्डविनच्या काळात त्या शहरात अल्जेरियातली मजूर माणसं हजारोंनी होती. कारखान्यात आणि बांधकामावर राबणारी, वस्तीबाहेरच्या झोपड्यांत आणि गळक्या हॉटेलांत राहणारी. अल्जेरिया फ्रान्सच्या ताब्यात, त्यामुळं त्यांच्यातल्या कितीकांना बाल्डविनपेक्षा आधीपासून फ्रेंच येत होतं. मग त्यांना पॅरिस घर वाटलं का? १७ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री त्याचं उत्तर मिळालं. अल्जेरियनांवर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध ते बायकापोरांसह रस्त्यावर आले आणि पॅरिसच्या पोलिसांनी त्यांना झोडपलं, गोळ्या घातल्या, सेन नदीत फेकलं. किती मेले यावर आजही वाद आहे. फ्रान्सच्या सरकारनं कितीतरी वर्षं दोनतीनच मेले म्हणून सांगितलं. इतिहासकारांचे आकडे त्याच्या कितीतरी पट आहेत.

विल्यम गार्डनर स्मिथ हा फिलाडेल्फियाचा काळा पत्रकार तेव्हा पॅरिसमध्ये बातमीदारी करत होता. त्याची 'द स्टोन फेस' ही कादंबरी १९६३ साली आली. मग जवळजवळ विसरली गेली, आणि २०२१ साली पुन्हा छापली गेली. तिच्यातला नायक सिमिअन हा पॅरिसला पळून आलेला काळा अमेरिकन. इथं त्याला कॅफेत मान आहे, मित्र आहेत, तो सुखात आहे. एकदा रस्त्यात त्याची एका अल्जेरियनाशी झटापट होते, पोलीस दोघांनाही नेतात. सिमिअनला सोडतात, अल्जेरियनाला आत ठेवतात. पुढं अल्जेरियन त्याला गाठून विचारतात, गोरा माणूस झाल्यावर कसं वाटतंय?

दोस्तांनो, हा प्रश्न वाचून मी पुस्तक मिटलं. काळ्या माणसाला कुणी गोरा म्हणतंय, आणि ते खरं आहे!

सिमिअनला 'तुम्ही' मिळालं ते त्याच्या फ्रेंचमुळं नव्हे. त्याच्या पासपोर्टमुळं, त्याच्यामागं उभ्या असलेल्या डॉलरमुळं. आजही परदेशी राहणाऱ्या अमेरिकनाला 'एक्स्पॅट' म्हणतात आणि अल्जेरियनाला 'इमिग्रे'. एकानं भाषा चुकवली तर ती गोड लागते, दुसऱ्यानं चुकवली तर तो अडाणी ठरतो. एकाला पाहुणा म्हणायचं, दुसऱ्याला उपरा.

बाल्डविनला हे दिसलं का? दिसलं. तुरुंगातल्या त्या निबंधातसुद्धा उत्तर आफ्रिकेतली माणसं त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. पण ती कोपऱ्यात आहेत, ओझरती आहेत. त्यांच्याबद्दल तो सविस्तर लिहितो ते १९७२ सालच्या 'नो नेम इन द स्ट्रीट' या पुस्तकात. चादर आणि हे पुस्तक यांत वीसपेक्षा जास्त वर्षं गेली. माझी बाल्डविनवर टीका असेल तर ती इथं आहे. ज्या दारानं त्याला आत घेतलं, त्याच दारात दुसरा कोण अडवला गेला, हे त्यानं विस्तारानं सांगायला उशीर केला. त्याला घर हवं होतं, आणि घर हवं असलेला माणूस उंबऱ्याबाहेर बघायचं टाळतो. हे त्याच्याबद्दल बोलतोय का आपल्यातल्या शिकून फ्लॅटमध्ये गेलेल्यांबद्दल, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पाच

पण बाल्डविनचं मोठेपण दुसऱ्याच ठिकाणी आहे.

फ्रेंच शिकला तर त्याचं इंग्रजी पुसलं जायला हवं होतं. झालं उलटं. १९५१-५२ च्या हिवाळ्यात तो स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरी गावात जाऊन बसला. त्या गावानं त्याच्याआधी काळा माणूस पाहिला नव्हता, पोरं रस्त्यात त्याला हाका मारायची. तिथं त्यानं सोबत काय नेलं होतं? एक टाइपरायटर आणि बेसी स्मिथ या काळ्या गायिकेच्या रेकॉर्डी. अमेरिकेत असताना त्याला त्या गाण्यांची लाज वाटायची. तिथं बर्फात बसून त्या ऐकता ऐकता आपण लहानपणी कसे बोलत होतो ते त्याला आठवायला लागलं, आणि 'गो टेल इट ऑन द माउंटन' ही पहिली कादंबरी पुरी झाली. ती १९५३ साली आली.

१९६४ साली शेक्सपिअरवर लिहिताना तो सांगतो, की अनेक वर्षं फ्रेंचमध्ये जगल्यावर त्याला इंग्रजीकडं नव्यानं बघावं लागलं. आधी त्याची तक्रार होती, की इंग्रजीत आपलं जगणं कुठंच नाही. मग ध्यानात आलं, की आपण ती भाषा कधी वापरलीच नव्हती, तिची नक्कल करत होतो. आणि १९७९ च्या जुलैत, अ‍ॅन आर्बर गावातल्या काळ्या पोरांच्या घरच्या बोलीची दखल शाळेनं घ्यावी असा निकाल कोर्टानं दिला त्याच महिन्यात, त्यानं वर्तमानपत्रात लेख लिहून काळ्यांचं इंग्रजी ही भाषाच आहे असं ठणकावलं. त्यात दाखला कुठला दिला? फ्रेंचचा! पॅरिस, मार्सेय, क्वेबेक, मार्टिनिक, सेनेगल, सगळे फ्रेंचच बोलतात, पण एकमेकांचं बोलणं समजायला त्यांना जड जातं, कारण प्रत्येकाचं जगणं वेगळं आहे. रोजचं फ्रेंच तोंडात बसलेल्या माणसालाच हा दाखला सुचतो.

आपल्याकडं या प्रश्नावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो, प्रमाण भाषा शिका, 'ण' म्हणा, म्हणजे ते आपल्याला घरात घेतील. दुसरा म्हणतो, प्रमाण भाषा बामनांची, तिला हात लावू नका, बोलीतच लिहा. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिल्या तटाला विचारतो : जोतीबांच्या मराठीच्या व्याकरणावर विष्णुशास्त्री चिपळूणकर तुटून पडले, ते काय नुसत्या व्याकरणासाठी? जोतीबा शुद्ध लिहिते तर चिपळूणकरांनी त्यांना पाट मांडून दिला असता? माझी एक कविता एका मासिकानं परत पाठवली होती, 'भाषा शुद्ध करून पाठवा' म्हणून. मी शुद्ध करून पाठवली. तरी परत आली. आता चिठ्ठीत कारणही नव्हतं. तेव्हा कळलं, भाषा हे निमित्त होतं.

दुसऱ्या तटाला विचारतो : बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली. त्यावर ते गप्प बसले का? ते संस्कृत शिकले, पाली शिकले, पालीचा कोश रचायला बसले. त्यांनी ती कुणाच्या घरात घ्यावं म्हणून शिकली नाही, त्या घराची झडती घ्यायला शिकली. आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' घ्या, १९७२ चा. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाच त्यातले कितीतरी शब्द अडले, आणि तसं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मराठीच्या घरमालकाला मराठीतच डिक्शनरी लागली! पण ढसाळांना प्रमाण मराठी येत नव्हती म्हणून तो संग्रह तसा झाला नाही. दोन्ही येत होत्या. नक्कल थांबवून वापर सुरू केला की असं होतं. बाल्डविननं शेक्सपिअरच्या निमित्तानं जे म्हटलं ते हेच.

तेव्हा शिका. मराठी, इंग्रजी, फ्रेंच, जी मिळेल ती शिका. मात्र माफी मिळावी म्हणून शिकू नका.

सहा

इथं लेख संपवला असता तर मला बरं वाटलं असतं. पण कोर्टातलं ते हसणं राहिलं.

चादरीची हकिगत ऐकून कोर्ट हसलं, त्यात वाईट हेतू नव्हता. बाल्डविन सुटणारच होता. पण त्याला त्या हसण्यानं गार पडल्यासारखं झालं, कारण ते हसणं त्यानं अमेरिकेत ऐकलं होतं. ज्यांना आपण कधी त्या पिंजऱ्यात उभे राहणार नाही अशी खात्री असते, त्यांचं ते हसणं. ते एका देशाचं नाही, सगळीकडं सारखं आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्या दिवसापासून त्याचं पॅरिसचं स्वप्न संपलं आणि पॅरिसमधलं राहणं सुरू झालं.

आमच्या खात्यात ओडिशाकडचा एक पोरगा आहे. ठेकेदारानं आणलेला. यंत्रांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, आम्ही ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतो, त्यामुळं आत तो कुणाला परका वाटत नाही. मराठी तो तिथंच शिकला. आधी पाळी, पगार, खाडा. मग शिव्या. मग वाक्यं. त्याच्या भाषेत आपल्यासारखं तो-ती-ते नाही, म्हणून तो 'माझा आई आला' म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही गेटबाहेर जयंतीच्या वर्गणीची बैठक घेतली होती. हा पोरगा आला. त्याचे तीन आठवड्यांचे पैसे ठेकेदारानं दाबले होते, आणि निळा झेंडा बघून त्याला वाटलं, इथं बोलावं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझा आई आजारी पडला." सगळे हसले. मीही हसलो. माझ्या पिशवीत तेव्हा 'इक्वल इन पॅरिस' होतं, अर्धं वाचून झालेलं. पोरगं खाली बसलं आणि पैशांचं काही न बोलताच निघून गेलं. आमच्यातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

शेवटची पानं वाचून कोर्टातल्या हसण्यापाशी आलो तेव्हा मला घाम फुटला. आपली सगळी चळवळ 'पानी' म्हटल्यावर हसणाऱ्यांच्या विरुद्ध उभी राहिली, आणि आपण मराठीच्या घरात दोन पावलं आत काय आलो, उंबऱ्यावरच्याला हसायला लागलो. त्या पोराला आम्ही सगळे 'ए' म्हणत होतो. त्यानं आम्हाला कधी 'ए' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी त्याला गाठलं. म्हटलं, "तुमचे पैसे किती राहिलेत?" त्यानं आधी मागं वळून बघितलं, मी कुणाशी बोलतोय ते. मग आकडा सांगितला. आम्ही चारजण ठेकेदाराकडं गेलो. निम्मे पैसे मिळाले, निम्म्यांसाठी अजून खेटे घालतोय.

आपल्या अभ्यासवर्गात पुढच्या महिन्यात मी 'इक्वल इन पॅरिस' मराठीत सांगणार आहे. जमेल तसं, अडखळत. त्या पोराला बोलावलंय. तो काही चुकीचं बोलला तर कुणी हसायचं नाही, एवढंच आधी सांगून ठेवतो.